फ्लॉरेन्सला खरेदी करताय? आधी वस्तू उलटी करून बघा

प्रश्न थोडक्यात असा: मे अखेरीस चौघं जण, म्हणजे नवरा-बायको, कॉलेजातली मुलगी आणि सासूबाई, रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिस करून स्वित्झर्लंडला जाणार, परतीचं विमान झुरिकहून मुंबई. फ्लॉरेन्सला दीड दिवस आहे. लेदरची बॅग आणि जॅकेट घ्यायचंय, सासूबाईंना पुलावरच्या दुकानातून सोन्याचं काहीतरी हवंय, शिवाय ऑफिस आणि नातेवाईक मिळून पंधरा-वीस जणांना छोट्या भेटी. फसायला होऊ नये म्हणून काय बघायचं, घासाघीस कुठे चालते आणि टॅक्स परत मिळतो म्हणतात तो कसा मिळतो.

ताई, मी 17 वर्षं युरोपच्या टूर घेऊन जातोय, फ्लॉरेन्सच्या फेऱ्या मोजणं केव्हाच सोडलं. आणि लोकांच्या बॅगांतून काय काय घरी आलं ते बघून सांगतो, तिथे माणूस भावात कमी आणि घाईत जास्त फसतो. दिवसभर उफिझी म्युझियम, दुओमो चर्च, डेव्हिडचा पुतळा करायचं आणि संध्याकाळी साडेसहाला पाय दुखत असताना पहिलं दुकान दिसेल तिथे घुसायचं, असं बहुतेकांचं होतं. त्यामुळे काय घ्यायचं ते हॉटेलवरून निघतानाच ठरवा, आणि माझी एक सवय उचला, कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उलटी करायची. बॅग आतून बघायची, अंगठीच्या आतला ठसा बघायचा, तेलाच्या बाटलीचं मागचं लेबल वाचायचं. ही सवय मला एका पट्ट्याने लावली. पहिल्याच वर्षी सान लोरेंझोच्या एका स्टॉलवरून मी 15 युरोला पट्टा घेतला होता, 'जेन्युइन लेदर, मेड इन इटली' असा मस्त ठसा होता त्यावर, मुंबईच्या पहिल्याच पावसाळ्यात वरचा पापुद्रा निघाला आणि आतून पुठ्ठ्यासारखं काहीतरी बाहेर आलं. ठसा मात्र शेवटपर्यंत शाबूत.

आता लेदर. सान लोरेंझो चर्चच्या मागे, मेरकातो चेंत्राले म्हणजे तिथल्या मोठ्या मंडईच्या आजूबाजूला आणि व्हिआ देल्लारिएंतो या गल्लीत दोन्ही बाजूंनी स्टॉल लागतात. पूर्वी ते थेट चर्चच्या भिंतीपर्यंत होते, 2014 ला तिथून हलवले. स्टॉलवर बसलेले बरेच जण बांगलादेश, पाकिस्तान किंवा आपल्याच पंजाबचे, तुम्ही आपसात हिंदीत बोललात की "आइए भाभीजी" सुरू होतं आणि आपल्या लोकांना एकदम घरचं वाटतं. वाटू द्या, पण त्यामुळे माल बदलत नाही. तिथे घासाघीस चालते, 60 सांगितले तर 40 ला येतात, आणि ते 40 ला आले म्हणजे आपण जिंकलो असंही नसतं. जरा रस दाखवला की "यहाँ नहीं, मेरी दुकान पीछे है, वहाँ अच्छा माल है" म्हणून गल्लीतल्या दुकानात नेतात, तिथे जॅकेटं असतात आणि दोन माणसं तुमच्या मागे-पुढे उभी राहतात. जायला हरकत नाही, पण किंमत ऐकल्यावर बाहेर पडायची हिंमत असेल तरच जा.

तिथला एक खेळ ठरलेला आहे. विक्रेता खिशातून लायटर काढतो, बॅगेवर ज्योत फिरवतो, "देखो, असली है, जलता नहीं". याला काही अर्थ नाही. दोन सेकंदं ज्योत फिरवली तर चांगलं कोटिंग असलेलं रेक्झिनसुद्धा लगेच जळत नाही, आणि खरं लेदर जास्त वेळ धरलं तर तेही करपतं. तुम्ही त्यापेक्षा बॅगेच्या पट्ट्याची कड बघा, जिथे चामडं कापलंय ती. खऱ्या चामड्याच्या कडेला आरपार तंतू दिसतात, रंग मारून बुजवली असेल तर आतल्या खिशाच्या फ्लॅपची कड बघा, तिथे सहसा कोणी कष्ट घेत नाही. मग अंगठ्याने दाबा, दाबलेल्या जागेभोवती बारीक सुरकुत्या पडल्या आणि सोडल्यावर हळूहळू गेल्या तर ठीक, प्लॅस्टिक नुसतं खाली जातं आणि वर येतं. दोन जागांचे छिद्रांचे ठिपके अगदी एकसारखे दिसले तर ते छापलेलं आहे, जनावराची कातडी दोन ठिकाणी सारखी नसते. लेबलवर 'पेले' किंवा 'कुओयो' म्हणजे चामडं, 'सिमिलपेले' किंवा 'फिंता पेले' म्हणजे रेक्झिन. बुटांच्या आत चित्रांचं स्टिकर असतं, पसरलेल्या कातडीचं चित्र म्हणजे लेदर, पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार म्हणजे दुसरंच काहीतरी.

आणि 'मेड इन इटली' या शब्दांवर फार जीव टाकू नका. फ्लॉरेन्सपासून अर्ध्या तासावर प्रातो शहर आहे, तिथे चिनी लोकांचे शेकडो कारखाने आहेत, स्वस्त कपडे तिथेच शिवले जातात आणि त्यावर कायद्याने 'मेड इन इटली' लागतं. खोटं नाही ते, पण तुमच्या डोक्यात जो चष्मा लावलेला म्हातारा कारागीर आहे तो त्यात नाही.

तो बघायचा असेल तर सांता क्रोचे चर्चच्या मागे जा. तिथे स्कुओला देल कुओयो म्हणजे लेदरची शाळा आहे, दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सिस्कन साधूंनी गोरी आणि कासिनी या दोन चामड्याच्या धंद्यातल्या कुटुंबांना बरोबर घेऊन अनाथ मुलांना हातात काहीतरी कसब द्यावं म्हणून 1950 ला सुरू केली, साधूंची झोपायची जागा होती तिथेच. मागून जायचा पत्ता व्हिआ सान जुझेप्पे 5 आर. आत लांब पॅसेज, टेबलावर लोक प्रत्यक्ष कापतायत, शिवतायत, सोनेरी वर्ख लावून ठसे मारतायत. तुम्ही पाकीट घेतलं तर त्यावर नावाची अक्षरं सोनेरी उमटवून देतात, गरम पितळी ठसा, खाली वर्ख, एक दाब, झालं. बाजारापेक्षा महाग आहे आणि तिथे घासाघीस करायची नाही, विचारूसुद्धा नका, उगाच अपमान. पण मुलीला आयुष्यभर पुरेल असं एक पाकीट घ्यायचं तर मी तिथेच घेईन.

हा 'आर' काय ते पण सांगून ठेवतो कारण यात लोकांचा तासतास जातो. फ्लॉरेन्समध्ये एकाच रस्त्यावर घरांना वेगळे नंबर आणि दुकानांना वेगळे, दुकानांचे लाल रंगात, म्हणून आर, रोस्सो. 20 आणि 20 आर शेजारी असतीलच असं नाही, मध्ये बऱ्याच इमारती असू शकतात. मॅपमध्ये आर न टाकता शोधलं तर कोणाच्या तरी घराच्या बेलपाशी उभे राहाल.

लेदरमध्ये 'व्हेजिटेबल टॅन' हा शब्द ऐकाल. आर्नो नदीच्या खालच्या अंगाला सांता क्रोचे सुल्लार्नो नावाचं गाव आहे (चर्चवालं सांता क्रोचे वेगळं), तिथल्या टॅनरीज, म्हणजे चामडं कमावायचे कारखाने, अजून चेस्टनट, मिमोसा वगैरे झाडांच्या अर्कात कातडी कमावतात, आठवडे लागतात त्याला. आपल्याला यात नवल नाही, कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात ते हेच, आणि मिमोसा म्हणजे बाभळीच्याच भाऊबंदांपैकी. वास आठवा, नवी कोल्हापुरी घरात आणल्यावर येतो तो तुरट लाकडी वास, तसाच वास बॅगेला आला पाहिजे. रसायनाचा झणझणीत वास आला तर ठेवून द्या. हे लेदर सुरुवातीला कडक असतं, पाण्याचा थेंब पडला की काळपट डाग धरतं, वापरून वापरून मऊ आणि गडद होतं. टोस्कानाच्या टॅनरीजच्या संघाचं नंबर असलेलं छोटं गॅरंटी कार्ड काही बॅगांबरोबर येतं, ते असेल तर उत्तम.

जॅकेटबद्दल माझं मत तुम्हाला आवडणार नाही, घेऊ नका. चांगलं जॅकेट बऱ्यापैकी महाग पडतं, मऊ नाप्पा लेदरचं असतं, आणि मुंबईत ते कधी घालणार? माझ्याबरोबरच्या निदान दहा जणांची जॅकेटं कपाटात बुरशी धरून मेली. घेतलंच तर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, सुती कापडात ठेवा, पावसाळ्यात महिन्याला एकदा बाहेर काढून हवा दाखवा. दुकानदार "थोडं घट्टच घ्या, सैल होतं" म्हणतो ते खरं आहे, पण आतून स्वेटर घालायचा असेल तर तो घालूनच ट्राय करा. त्याच पैशात बॅग, पट्टा आणि हातमोजे तिन्ही येतात. नवऱ्याला पटवायचं काम तुमचं.

आता सासूबाईंचं सोनं. पोंते व्हेक्यो हा पूल 1345 चा, आणि त्यावर आधी खाटकांची दुकानं होती, नदीत सगळं टाकायचे. 1593 ला फेर्दिनांदो पहिला या मेदिची ड्यूकने वासाला वैतागून त्यांना हाकललं आणि सोनारांना बसवलं, तेव्हापासून तिथे सोनंच. रात्री दुकानांची लाकडी दारं बंद झाली की ती पेटाऱ्यांसारखी दिसतात, ते बघायला तरी नक्की जा. पण खरेदी करताना आपल्या डोळ्यांवर 22 कॅरेटची झापडं असतात ती काढायला लागतात. तिथे सोनं 18 कॅरेट, आतल्या बाजूला 750 चा ठसा, म्हणजे हजारात 750 भाग सोनं. आपलं 916. सासूबाईंना रंग फिका वाटणार, आणि घडणावळ वजनापेक्षा भारी, उद्या इथे सोनाराकडे मोडायला गेलात तर तो फक्त पंच्याहत्तर टक्के सोन्याचे पैसे देणार. म्हणून तिथे सोनं 'सोनं' म्हणून घ्यायचं नाही, नक्षी म्हणून घ्यायचं. फ्लॉरेन्सची खासियत म्हणजे पृष्ठभागावर बारीक रेघा कोरून रेशमासारखं मॅट करतात ते काम, त्यातले छोटे कानातले छान दिसतात. भिंग मागा, देतात. 750 च्या बाजूला अजून एक बारीक ठसा असतो, तारा, एक नंबर आणि जिल्ह्याची दोन अक्षरं. एफ आणि आय असेल तर फ्लॉरेन्स, ए आणि आर असेल तर आरेझ्झो. बराचसा माल आरेझ्झोचाच असतो, तिथे दागिन्यांचे मोठे कारखाने आहेत, वाईट अजिबात नाही, फक्त "आमच्या वर्कशॉपमध्ये हाताने केलं" असं कोणी म्हटलं तर ठसा बघून हसा. कस्टम्सचंही लक्षात ठेवा, वर्षाच्या वर परदेशात राहून येणाऱ्यांना दागिन्यांची जी सवलत आहे ती आठ-दहा दिवस फिरून येणाऱ्याला नाही, नवीन सोनं आणलं तर ते दाखवायला लागतं. आणि सासूबाई जे अंगावर घालून निघणार आहेत त्याची बिलं, फोटो बरोबर असू द्या.

पुलाजवळ आणि उफिझीच्या बाहेर ब्रँडच्या नकली बॅगा चादरीवर मांडलेल्या दिसतील, पोलीस आले की चादरीची चार टोकं धरून पळतात. बघायला मजा येते पण घ्यायचं नाही, इटलीत नकली माल विकत घेणाऱ्यालाही दंड आहे, 7,000 युरोपर्यंत. तिथेच काही जण जमिनीवर पोस्टर पसरून ठेवतात, चुकून पाय पडला की पैसे मागतात, खाली बघून चाला.

पंधरा-वीस भेटींसाठी फ्रिज मॅग्नेट नको हो, प्लीज. तीन गोष्टी सांगतो, हलक्या आणि सपाट.

पहिला मार्बल पेपर. पाण्यात शेवाळाचा चिकट अर्क मिसळून त्यावर रंगाचे थेंब तरंगवतात, मग कंगव्याने ओढून मोरपिसासारखी नक्षी करतात आणि वर कागद अलगद टेकवून उचलतात. एकदा मी एका कारागिराला बघत उभा होतो, कागद पाण्यावर टेकवताना तो श्वास रोखून धरायचा, एक कोपरा आधी, मग हळू पूर्ण, मधे हवेचा बुडबुडा राहिला तर तिथे पांढरा ठिपका पडतो आणि कागद वाया. प्रत्येक ताव वेगळा येतो. ही कला तुर्कांकडून युरोपात गेली, आणि आपल्याकडे विजापूरच्या आदिलशाहीतही 17 व्या शतकात असल्या कागदावर चित्रं काढायचे, त्याला अब्री म्हणतात. दुकानात छापील नकलाही भरपूर असतात, दोन ताव शेजारी ठेवा, नक्षी सारखी असली की छापील, शिवाय जवळून बघितलं तर छपाईचे बारीक ठिपके दिसतात. पित्ती राजवाड्याच्या भागात 1856 सालापासूनचं एक जुनं दुकान आहे, जुलिओ जानीनी ए फील्यो. बुकमार्क, पेन्सिली, छोट्या वह्या, ऑफिससाठी झालं काम.

दुसरं, सांता मारीया नोव्हेल्लाची फार्मसी. डोमिनिकन साधू 1221 ला इथे आले, बागेत औषधी वनस्पती लावल्या, आणि 1612 पासून हे दुकान सगळ्यांसाठी उघडं आहे. व्हिआ देल्ला स्काला, स्टेशनपासून चालत. बाहेरून कळतसुद्धा नाही, आत गेलात की चर्चसारखा हॉल, कारण एकेकाळी ते खरंच चॅपल होतं. साबण महाग आहे, परफ्यूम तर विचारू नका, पण 'कार्ता द आर्मेनिया' म्हणून सुगंधी कागदाच्या पट्ट्या मिळतात, जाळायच्या किंवा कपड्यांत ठेवायच्या, कापूर-धूप आवडणाऱ्या सगळ्या मावशी-आत्यांना चालतात. सासूबाईंना गुलाबपाणी घ्या, त्यांना ते सोन्यापेक्षा जास्त आवडेल असा माझा अंदाज आहे.

तिसरं खाण्याचं. मेरकातो चेंत्रालेचा तळमजला, सकाळीच, दुपारी दोनच्या सुमारास आवरायला लागतात आणि रविवारी बंद. वरचा मजला रात्रीपर्यंत चालू असतो पण तिथे जेवायचं, खरेदी खाली. फळांना हात लावू नका, ओरडतात, बोट दाखवा, तो देतो. सुकवलेले पोर्चीनी मशरूम, कांतुच्ची बिस्किटं ठीक. सात रंगांचा पास्ता रिबीन बांधून विकतात तो इटालियन माणूस घरी खात नाही. ट्रफल ऑइलच्या (ट्रफल म्हणजे जमिनीखाली उगवणारं सुगंधी मशरूम) बाटलीची पाठ वाचा, 'आरोमा' लिहिलं असेल तर वास कृत्रिम आहे. ऑलिव्ह तेल गडद बाटलीतलं किंवा डब्यातलंच, मागे कापणीचा हंगाम बघा, मे महिन्यात गेल्या शरदातलं हवं, त्याआधीचं नको. 'टोस्कानो आयजीपी' किंवा 'किआंती क्लासिको डीओपी' लिहिलेलं असेल तर तेल कुठल्या भागातलं याची खात्री. चव घशाला लागते, तिखट, ठसका येतो, तसंच असायला पाहिजे. फोडणीला वाया घालवू नका, लसणाच्या चटणीवर कच्चं घाला. चेक-इन बॅगेतच टाका, टॉवेलात गुंडाळून.

मधे पोर्चेल्लीनोचा छोटा बाजार लागेल, कांस्याच्या रानडुकराच्या तोंडात नाणं ठेवायचं आणि ते खाली जाळीत पडलं की नशीब उघडतं म्हणे. मुलीला फोटो काढू द्या. तिथेच मध्यभागी जमिनीत गोल दगड आहे, दिवाळं वाजलेल्या व्यापाऱ्याला पूर्वी उघड्या पार्श्वभागावर त्या दगडावर आपटायचे. खरेदीच्या आधी बघून घ्या.

पैसे देताना कार्ड मशीन विचारतं रुपयात की युरोत, युरोच दाबा, रुपयात त्यांचा दर लागतो. दुकानात शिरताना "बुओनजोर्नो" म्हणा, न बोलता वस्तू हाताळणं तिथे उद्धट समजतात. दुपारी एक ते साडेतीन छोटी दुकानं बंद, नदीपलीकडच्या ओल्त्रार्नोतली वर्कशॉप तर नक्कीच.

टॅक्सचं आता. फेब्रुवारी 2024 पासून एका दुकानात एका बिलावर 70 युरोच्या वर खरेदी असेल तर टॅक्स परत मिळवायचा फॉर्म मिळतो, आधी 154.94 लागायचे. मूळ पासपोर्ट लागतो. टॅक्स 22 टक्के असला तरी तो किमतीत धरलेला असतो, त्यात रिफंड देणारी एजन्सी आपलं कापते, हातात साधारण 12-14 टक्के येतात. पण तुमची अडचण वेगळी आहे, तुम्ही झुरिकहून उडताय. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे माल युनियनच्या बाहेर जातो तो इटली-स्विस बॉर्डरवर, फॉर्मवर कस्टम्सची मान्यता म्हणजे स्टॅम्प तिथेच घ्यायचा, झुरिकच्या एअरपोर्टवर कोणी देत नाही. माझ्या एका ग्रुपमधल्या काकांनी शहरातच काउंटरवर रोख रिफंड घेतला, झुरिकला स्टॅम्प मिळाला नाही, महिन्याभराने कार्डवरून सगळे पैसे परत वळते झाले, वर चार्जेस. ट्रेनने जाणार असाल तर चिआसो या बॉर्डरवरच्या स्टेशनला बॅगांसकट उतरून कस्टम्सची मान्यता घेऊन पुढची ट्रेन पकडायची. 220 युरोच्या बॅगेवर 28-30 युरो सुटतील, चार जण, सहा बॅगा आणि सासूबाईंचे गुडघे. मी नसतो उतरलो. त्या पैशांचं टेन्शन न घेता बिलं मात्र जपून ठेवा, मुंबईला लागू शकतात.

तर पहिल्या संध्याकाळी पूल आणि नुसतं बघणं, दुसऱ्या दिवशी साडेआठला मार्केट, मग फार्मसी, मग सांता क्रोचे, एकच्या आत सगळं. फक्त दुसरा दिवस सोमवार पडतोय का ते कळवा, सोमवारी सकाळी बरीच दुकानं उघडतच नाहीत, मग हा क्रम बदलून देतो.